दिवाळीत व्हिएतनाम: यादीतलं निम्मं खोड

प्रिय पोरा,

तुझी यादी वाचली. हॅनॉय, सापा, हा लाँग बे, हुए, दा नांग, होई आन, हो ची मिन्ह सिटी आणि शेवटी मेकाँगचं खोरं. सुट्टी दहा दिवसांची. त्यातली एक रात्र महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबई गाठण्यात जाणार, एक परत येण्यात. वर आई-बाबा सोबत. ही सहल नव्हे रे, वरात आहे.

एकदा नकाशा उभा धरून बघ. देश उत्तर-दक्षिण १,६०० किलोमीटरच्या वर लांब आहे. हॅनॉय ते हो ची मिन्ह सिटी रेल्वेनं १,७२६ किलोमीटर. विमानानं दोन-सव्वादोन तास, मान्य. पण बॅगा भरा, हॉटेल सोडा, विमानतळ गाठा, पलीकडं पुन्हा टॅक्सी शोधा, यात दिवसाचा निम्मा भाग गेलाच म्हणून समज. असे चार निम्मे दिवस तू या यादीत घालवतोयस.

त्याहून मोठी अडचण पावसाची. आपला पाऊस दिवाळीपर्यंत उघडतो, म्हणून तिकडंही उघडला असेल असं आपण धरून चालतो. मध्य व्हिएतनाममध्ये नेमका ऑक्टोबर-नोव्हेंबरातच तो सगळ्यात जास्त कोसळतो. होई आनचं जुनं गाव थू बोन नदीच्या अगदी काठावर आहे, आणि याच महिन्यांत तिथल्या गल्ल्यांतून होड्या चालवायची वेळ येते. तिथल्या तान की नावाच्या जुन्या व्यापारी घरात कोणत्या साली पाणी कुठवर आलं याच्या खुणा भिंतीवर करून ठेवल्यात. २०१९ च्या महापुरानंतर आपल्याकडं कोल्हापूरला शाहूपुरीत, चिखलीत दाखवतात तशाच. तू फोटोत बघितलेले ते कंदील खरे आहेत, पण ते बघायला फेब्रुवारी ते एप्रिल बरा. तेवढा तेत म्हणजे त्यांचा नववर्षाचा सण चुकव, त्या दिवसांत दुकानं बंद असतात आणि गाड्या भरलेल्या.

होई आन सोडताना वाईट वाटतं ते ‘मी सोन’ नावाच्या जागेमुळं. तिथून साधारण चाळीस किलोमीटरवर, डोंगरांच्या कुशीत चंपा नावाच्या जुन्या राज्याच्या राजांची विटांची शिवमंदिरं आहेत. चौथ्या शतकापासूनची परंपरा, संस्कृत शिलालेख, आणि १९६९ च्या अमेरिकी बॉम्बफेकीत जमीनदोस्त झालेल्या सर्वांत भव्य देवळाचा ढिगारा. खिद्रापूरच्या कोपेश्वरापुढं तासभर उभे राहणारे तुझे बाबा तिथं हलणारच नाहीत. पण भर पावसात, छत्री सांभाळत? नको. ‘मी सोन’ पुढच्या खेपेला.

म्हणून दिवाळीत फक्त उत्तर कर. तिकडं तेव्हा उन्हाळा ओसरलेला असतो, पाऊस कमी होतो, हवा गार. दोन मुक्काम धर, हॅनॉय आणि निन्ह बिन्ह, आणि मधे एक रात्र हा लाँगच्या बोटीवर.

निन्ह बिन्ह हॅनॉयपासून गाडीनं दोनेक तासांवर. त्रांग आनला चार माणसांच्या वल्ह्याच्या होडीत बसायचं. नावाडी बहुधा बाईच असते. चुनखडीच्या सुळक्यांमधून होडी गुहेत शिरते तेव्हा छत इतकं खाली येतं की माना गुडघ्याला लावाव्या लागतात, नि अंधारात फक्त वल्ह्याचा आवाज. फेरी तीनेक तासांची, चालणं जवळजवळ नाही. तुझ्या आईच्या गुडघ्यांना हे जमेल. हांग मुआ टेकडीच्या पायऱ्या मात्र तू एकटाच पहाटे चढून ये. जवळच होआ लू, दहाव्या शतकातली राजधानी. १०१० साली ली घराण्याच्या पहिल्या राजानं ती हलवून आजच्या हॅनॉयला नेली. आधी होआ लू आणि मग हॅनॉय बघितलंस तर इतिहास आपोआप क्रमानं लागतो. हॅनॉयच्या साहित्य मंदिरात दगडी कासवांच्या पाठीवर ८२ शिळा आहेत, त्यांवर जुन्या राजपरीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं कोरलेली. मास्तर माणसाला आणखी काय हवं!

हा लाँगचं एक ध्यानात ठेव. वादळाचा इशारा आला की बोटी सरकारी हुकमानं बंद राहतात. त्यामुळं ती रात्र परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी ठेवू नकोस, आधी ठेव. गर्दी नको असेल तर कात बा बेटाजवळच्या ‘लान हा’ उपसागराचं विचार. सुळके तसेच, बोटी कमी.

सापा मी सरळ काटतो. जाण्यायेण्यातच पाच-सहा तासांचा रस्ता दोनदा, आणि ज्या पिवळ्याधमक भातखाचरांसाठी तू निघालास त्यांची कापणी सप्टेंबरातच आटोपलेली असते. दक्षिण वेगळी सहल आहे, तिला नंतर आठवडा दे.

जेवणाचं आईला आधीच सांगून ठेव: फो, म्हणजे तिकडचं नूडल्सचं सूप, बेचव वाटेल. कांदा-लसूण चटणीची पुडी बॅगेत असू दे.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढ, तसल्याच दिसणाऱ्या दलालांच्या साइट बऱ्याच आहेत. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं टाक आणि प्रवेशाचं ठिकाण हॅनॉयचा नोइ बाइ विमानतळ निवड. तिकीट मुंबई-हॅनॉय जाऊन-येऊन. पैसे भरायच्या आधी तारखा मला पाठव, रविवारी सकाळी मी घरीच असतो.

तुझा,
काका