बसून राहण्याचं काम

मागच्या अंकात सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, एकट्यानं बसण्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. लिहिताना वाटलं नव्हतं की लोक त्या मनावर घेतील. या महिन्याच्या पत्रांत निम्मी पत्रं त्यावरच आहेत, आणि त्यातल्या निम्म्यांची तक्रार आहे. म्हणून या वेळी साप, मध आणि बिबट्याचे प्रश्न बाजूला ठेवतो.

मामा, मी अडतीस वर्षांचा, पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तुमचं वाचून पाच रविवार पहाटे वेताळ टेकडीवर जाऊन एकटा बसलो. खरं सांगू? काहीही वाटलं नाही. दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो, हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. सगळे म्हणतात मन शांत होतं. माझं उलट जास्तच पळायला लागतं. माझ्यातच काही कमी आहे का?

तुमच्यात काही कमी नाही. तुम्ही दहाव्या मिनिटाला उठता, एवढंच.

१९८६ साली मी वनरक्षक म्हणून लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. पहिली नेमणूक दाजीपूरच्या बाजूला. आमच्या राउंडला एक म्हातारे वनमजूर होते. शिक्षण चौथीसुद्धा नाही, पण साहेब लोक त्यांना विचारल्याशिवाय रानात पाऊल टाकत नसत. मे महिन्यात एका दुपारी त्यांनी मला पाणवठ्याच्या वरच्या अंगाला एका कातळावर नेऊन बसवलं. म्हणाले, "दिवस मावळायला येतो. तवर बूड हलवू नगं." आणि गेले.

मी बसलो. म्हणजे मला वाटलं, बसलो. पहिल्या पंधरा मिनिटांत दोनदा जागा बदलली, कारण मुंग्या. मग लघवीला उठलो. मग बिडी ओढली. मग गुणगुणायला लागलो. मग घड्याळ बघायचा नाद लागला, आणि ज्यानं तो नाद केलाय त्याला ठाऊक आहे की घड्याळ अशा वेळी मुद्दाम हळू चालतं. पाणवठ्यावर एक टिटवी सोडली तर कुणी आलं नाही. ती बया माझ्यावरच ओरडत होती.

दिवस मावळताना म्हातारा आला.

"काय दिसलं रं?"

"काय न्हाई."

त्यानं मला कातळामागं नेलं. आम्ही दुपारी ज्या वाटेनं आलो होतो, त्याच वाटेच्या फुफाट्यात माझ्या बुटाचा ठसा होता आणि त्या ठशावर, अर्धा तो मोडून, गव्याचा खूर उमटलेला. आणखी तीन-चार खूर होते, एक लहान. पाणी प्यायला कळप मागच्या बाजूनं आला होता, माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर. बिडीचा वास लागला असेल, नाहीतर माझं गाणं ऐकू आलं असेल. आल्या पावली परत गेला. एवढं मोठं जनावर, पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो, आणि मला वाळलेलं पान मोडल्याचासुद्धा आवाज आला नव्हता.

म्हातारा एवढंच म्हणाला, "त्यास्नी तू दिसलास न्हवं!"

तर आता तुमच्या टेकडीबद्दल. माणूस रानात शिरला की बातमी त्याच्या आधी पुढे गेलेली असते. बुलबुल ओरडतात, सातभाई सगळ्या गल्लीला सांगतात, खारीचं टिकटिक सुरू होतं. मग सगळे गप्प. आपण त्या गप्प झालेल्या रानात बसतो आणि म्हणतो, किती शांत आहे! ते शांत नाही, ते आपल्यामुळं दबलेलं आहे. माझा अनुभव असा की आपण न हलता बसलो तर वीस मिनिटं ते अर्ध्या तासानं एकेक जण परत कामाला लागतो. आधी शिंपी पक्षी, तो निलाजरा आहे. मग बुलबुल. सगळ्यात शेवटी जमिनीवर चालणारे. दहाव्या मिनिटाला उठणं म्हणजे एसटी फलाटाला लागायच्या आत स्टँडवरून घरी परतणं. आणि घरी सांगणं की या मार्गावर गाडीच नाही.

मोबाइलचं म्हणाल तर मी नैतिक काही सांगणार नाही, माझ्याकडेही आहे. एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. आम्ही बुद्धपौर्णिमेला प्राणीगणनेसाठी मचाणावर रात्रभर बसायचो. उन्हाळ्यानं बाकीचं पाणी आटलेलं, चांदणं लख्ख, त्यामुळं उरलेल्या पाणवठ्यावर येणारं प्रत्येक जनावर टिपता येतं. सोबतीला कधी शहरातले हौशी असायचे. त्यातला एखादा "फक्त वेळ बघतो" म्हणून मोबाइल उघडायचा, आणि पुढचा बराच वेळ त्याला पाणवठा म्हणजे काळा डाग दिसायचा. बाजूचा माणूस कानात सांगतोय, सांबर आलंय, दोन आहेत, आणि हा म्हणतोय, कुठं? पहाटे तुम्ही टेकडीवर जाता तेव्हाही हेच. मोबाइल घरी ठेवू नका, आडवाटेला लागतो. पाठीवरच्या पिशवीत तळाशी ठेवा, म्हणजे काढायला उठावं लागेल.

आणि मन शांत होण्याचं. हे कुणी पसरवलंय कळत नाही. छत्तीस वर्षांच्या नोकरीत रानात बसून माझं मन शांत झाल्याचे प्रसंग मी हातांच्या बोटांवर मोजीन. बसलो की बदलीचा विचार, मुलीच्या फीचा विचार, प्रवासभत्त्याचं थकलेलं बिल. पळू दे त्याला. बूड जागेवर असलं की झालं.

म्हाताऱ्यानं मला त्यानंतर वर्षभर तसंच बसवलं. दुसऱ्या वर्षी, पावसाच्या तोंडावर, एका जांभळीखाली पाठ टेकून बसलो होतो. तासभर झाला असेल. डोक्यात बहुतेक घरचं काहीतरी चाललं होतं. टोपीवर काहीतरी टपकलं. मग खांद्यावर. मान न हलवता डोळे वर केले तर शेकरू. मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकलेलं, शेपूट पलीकडं तोलाला सोडलेली, आणि दोन्ही पंजांत जांभूळ धरून फिरवत फिरवत खात होतं. आपण कणसाचे दाणे फिरवून खातो ना, तसं. चार हात वर. पोटाचे पिवळसर केस दिसत होते, जांभळानं माखलेली मिशी दिसत होती. मधेच थांबायचं, माझ्याकडं बघायचं, आणि बिया माझ्या अंगावर टाकून पुढचं जांभूळ घ्यायचं. त्याच्या लेखी मी एक खोड होतो. इतका मोठा मान मला खात्यानं कधी दिला नाही. खाकी शर्टावरचे डाग काही गेले नाहीत. बायकोनं त्याची पुढं पायपुसणी केली.

तुमच्यासाठी दोन बारीक सूचना. त्या टेकडीवर ग्लिरिसिडियाच्या, म्हणजे उंदीरमारीच्या, रांगाच्या रांगा लावलेल्या आहेत. हिरवं दिसतं म्हणून तिथं बसू नका, पाखरांना त्यात खाण्यासारखं फारसं नाही. देशी झाडं, काटेरी झुडपं, दगडखाणीकडची बाजू बघा. वारा तोंडावर येईल असं बसा, पाठीला आधार घ्या. आणि जागा बदलू नका. पाच रविवार पाच ठिकाणी बसलात की एकच, हे तुम्ही लिहिलं नाही. मला दाट संशय आहे की पाच ठिकाणी. मेच्या अखेरीपासून पावसाच्या सुरुवातीला नवरंग पक्षी येतो, उजाडताना आणि मावळताना दोन सुरांची शीळ घालतो. तो ऐकू आला तर मला कळवा. नाही आला तरी कळवा.

मामा, मी सांगलीजवळच्या गावात राहते, वय चव्वेचाळीस. संध्याकाळी नदीच्या घाटावर अर्धा तास एकटी बसायला मला आवडतं. पण दर वेळी कुणीतरी येऊन विचारतं, "काय झालं ताई? घरी काही झालं का?" एकदा तर एकानं माझ्या मिस्टरांना फोन केला. आता जाणंच सोडलंय. काय करू?

ताई, हा प्रश्न वाचून मी आधी गप्पच बसलो. छत्तीस वर्षं मी एकटा बसलो, मला एकदाही कुणी विचारलं नाही की घरी काही झालं का. मला त्याचे पगार मिळत होते.

पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "तिच्या हातात काय असतं?" मी म्हटलं, काही नाही, नुसती बसते. "मग विचारणारच की." मग तिनं जे सांगितलं ते लग्नाला इतकी वर्षं होऊन मला माहीत नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ती रोज दुपारी वैरणीला म्हणून बांधावर जायची. काम पाऊण तासाचं. ही दोन तासांनी यायची. उरलेला वेळ भारा बाजूला टाकून, विळा हातात धरून ओढ्याकाठी बसायची. खंड्या बघायची. सासूबाईंना सांगायची, गवत लांब गेलंय. "हातात विळा असला की बाईला कुणी विचारत नाही," म्हणाली.

मला हे बरोबर वाटत नाही, हे आधी सांगतो. बाईनं बसायला कारण का दाखवावं? पण तुम्ही उपाय विचारलाय, आणि गाव बदलायची वाट बघत घाट सोडून देणं मला त्याहून वाईट वाटतं. तर पिशवीत मेथीची जुडी घेऊन जा आणि निवडत बसा. हात आपोआप चालतात, डोळे नदीवर ठेवता येतात. रोज एकाच वेळी, एकाच पायरीवर बसा. पंधरा दिवसांत तुम्ही घाटाचा भाग होता. घाटावरचा पुजारी, मासे धरणारी पोरं, म्हशी धुणारे, यांना तुम्ही माहीत असणं हीच मोठी राखण आहे. अंधार पडायच्या आत उठा, आणि पावसाळ्यात पाणी चढत असेल तर पायरी सोडा, मेथीसकट. मिस्टरांना एकदा सोबत न्या. तीस पावलांवर बसवा. बोलायचं नाही म्हणून सांगा. ते पुन्हा येणार नाहीत, पण फोन आला तर काय सांगायचं ते त्यांना कळेल.

बायको म्हणते, कृष्णाकाठी असाल तर खंड्या बघा. पांढराकाळा कवड्या खंड्या पाण्यावर एका जागी पंख मारत थांबतो आणि दगडासारखा पडतो. मेथी निवडायची राहते तेव्हा.

फोटो काढला नाही तर पाहिल्याचं समाधान होत नाही. हे चूक आहे का?

चूक नाही, महाग आहे. काढा. मात्र काजव्यांच्या दिवसांत, जूनच्या आगेमागे, कॅमेरा आणि बॅटरी दोन्ही गाडीत ठेवा. नर उडत उडत चमकतो, मादी गवतातून उत्तर देते, आणि तुमचा उजेड त्या दोघांच्या बोलण्यात पडतो. मी फोटोऐवजी बीटची, म्हणजे माझ्या हद्दीतल्या गस्तीची, डायरी लिहायचो. खाली उतरल्यावर, चहाच्या आधी, तीन ओळी. त्यात निम्म्या ओळी "काही नाही" अशा आहेत. तारखेसकट.

आम्ही डोंबिवलीत चौथ्या मजल्यावर राहतो. टेकडी नाही, नदी नाही. गुडघ्यांमुळं मला जिना उतरवत नाही. बाल्कनीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते. तुमचं सदर आमच्यासाठी नाही असं समजायचं का?

आजी, तुमच्याकडं खुर्ची आहे आणि तुम्ही उठत नाही. अर्धी परीक्षा तिथंच पास.

खिडकीच्या चौकटीत, नाहीतर मीटरच्या पेटीमागं, मातीचं घरटं दिसतं का बघा. ती कुंभारीण. सडपातळ गांधीलमाशी, कंबर दोऱ्याएवढी. आमच्याकडं बायका ते झाडूनं पाडतात. यंदा पाडू नका. ती चिखलाची बारीक गोळी तोंडात धरून आणते, भिंतीला लावते, आणि लावताना एक बारीक भुणभुण येते. कान जवळ नेलात तर ऐकू येईल, फक्त ती काम करताना. गेली की थांबते. खोली झाली की ती कोळी आणून भरते. मेलेले नाहीत, डंख मारून लुळे केलेले, म्हणजे पिल्लाला ताजं अन्न. अंडं घालून तोंड लिंपते आणि शेजारी दुसरी खोली सुरू. एकटीच असते, पोळ्याच्या गांधीलमाश्यांसारखी अंगावर येत नाही. हाताशी घड्याळ असेल तर दोन फेऱ्यांमध्ये किती वेळ जातो तो मोजा. चिखल कुठून आणते हा खरा प्रश्न आहे. चौथ्या मजल्यावर, उन्हाळ्यात. शोध लागला तर लिहा, मला खरंच हवंय.

निवृत्त झालात. आता तुम्ही कुठं बसता?

परड्यात, फणसाखाली. पहाटे पाचला. घोंगडं टाकतो. समोर गोठ्याच्या आढ्यावर दयाळ येतो, उन्हाळ्यात तो उजाडायच्या आधीपासून गातो, दर वेळी वेगळं. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाण्यातली मोटर आहे. आमच्याकडं शेतीची वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. या आठवड्यात रात्रीची पाळी आहे, त्यामुळं मी बसतो तेव्हा मोटर चालूच असते, आणि पाइप फुटलाय तिथून पाण्याची फसफस. दयाळाला त्याचं काही नाही. तो मोटरीवरून गातो. मी अजून शेजाऱ्याला शिव्या घालतोय.