एसएटीचे ग्रामरचे नियम पाठ आहेत तरी कॉमा-सेमिकोलनचे प्रश्न का चुकतात?

तुम्ही विचारलंय की नियम सगळे पाठ आहेत तरी प्रॅक्टिस टेस्टला पंक्चुएशनचेच प्रश्न चुकतात, आणि एसीटी पण द्यायची असेल तर वेगळा अभ्यास लागतो का. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या या दोन्ही परीक्षांचं इंग्लिश मी शिकवते. माझं मत विचाराल तर नियमांची यादी वाढवून काही होत नाही, आधी वाक्य कुठे पूर्ण होतंय ते दिसलं पाहिजे. बहुतेक मुलं वाचताना जिथे थांबावंसं वाटतं तिथे कॉमा देतात, आणि प्रश्न काढणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं.

म्हणून ऑप्शन बघायच्या आधी रिकाम्या जागेच्या डावीकडचा भाग वाचा, मग उजवीकडचा, आणि प्रत्येकात कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद आहे का, तो भाग एकटा वाक्य म्हणून चालेल का ते बघा. 'द सॅम्पल वॉज स्मॉल, द रिझल्ट वॉज क्लिअर' यात दोन्ही बाजूंना पूर्ण वाक्य आहे, मग मधे नुसता कॉमा चालत नाही, हाच तो कॉमा स्प्लाइस. फुलस्टॉप द्या, सेमिकोलन द्या, नाहीतर कॉमासोबत अँड, बट असं काहीतरी. एक बाजू अर्धवट असेल तर सेमिकोलन बाद (आत कॉमा असलेल्या गोष्टींची यादी असेल तेवढा अपवाद). कोलनच्या आधी पूर्ण वाक्य लागतंच, नंतर यादी, एकच शब्द, वाक्य, काहीही येऊ दे. आणि दोन ऑप्शनमध्ये फरक फक्त फुलस्टॉप आणि सेमिकोलनचा असेल तर दोन्ही काटा, कारण काम एकच आणि उत्तर एकच असतं.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते हाउएव्हरवर. मुलांना पाठ असतं की आधी सेमिकोलन, नंतर कॉमा, पण हे बघा: मागच्या वाक्यात म्हटलंय की लोकांना वटवाघळं आंधळी वाटतात, आणि पुढे येतं 'दे कॅन सी, हाउएव्हर; सम सी व्हेरी वेल.' इथे विरोध आहे तो मागच्या वाक्याशी, 'काही तर फार छान बघतात' हे 'दिसतं' याला पुष्टीच देतंय, म्हणून हाउएव्हर पहिल्या तुकड्यासोबत राहतं आणि सेमिकोलन त्याच्या नंतर येतो. व्याकरणाने दोन्ही जागा चालतात, ठरवतो तो अर्थ, त्यामुळे आधीचं वाक्य वाचल्याशिवाय हा प्रश्न सोडवूच नका.

बाकीचं लवकर जमतं. 'द बॉक्स ऑफ ओल्ड लेटर्स' याला इज लागतं, कारण कर्ता बॉक्स आहे, मधला ऑफवाला तुकडा झाकून वाचा. कर्ता आणि क्रियापद यांच्यात एकटा कॉमा कधीच नाही. 'फिजिसिस्ट मारी क्युरी' यात पण कॉमा नाही, नावाच्या आधी नुसता हुद्दा असला की तसंच सोडायचं. मधे घातलेली माहिती डॅशने सुरू झाली असेल तर डॅशनेच संपते, मुलं तिथे कॉमा देऊन मोकळी होतात!

एसएटीत रीडिंग अँड रायटिंगचे 54 प्रश्न असतात, 32 मिनिटांचे दोन मॉड्यूल, त्यातले 11 ते 15 या नियमांचे. एसीटीसाठी नियम हेच, वेगळा अभ्यास नको, फक्त तिथे लांब उतारा असतो, अधोरेखित भाग तपासायचा असतो आणि 'नो चेंज' हा पण ऑप्शन असतो. तो बरोबर असू शकतो, उगाच घाबरून टाळू नका. 2025 पासूनच्या नव्या स्वरूपात इंग्लिशचे 50 प्रश्न आणि 35 मिनिटं आहेत. चुकीच्या उत्तराला दोन्हीकडे मार्क कापत नाहीत, तेव्हा काहीच रिकामं सोडू नका. सरावाला ब्लूबुक ॲपमधल्या (एसएटी ज्यावर होते तेच ॲप) फुकटच्या टेस्ट घ्या आणि चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर डावीकडे पूर्ण वाक्य होतं की नाही, उजवीकडे होतं की नाही, एवढंच लिहीत जा.