‘झिरो करणे’ की ‘नेम जुळवणे’?

निपाणीच्या एका वाचकांनी विचारले आहे, की नेमबाजीच्या रायफलीवरची दुर्बीण ‘झिरो करणे’ याला मराठीत ‘शून्यीकरण’ म्हणावे काय, आणि आपला रुळलेला ‘नेम धरणे’ हा प्रयोग तेथे का चालू नये.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नेम माणूस धरतो, आणि तो प्रत्येक गोळीला नव्याने धरावा लागतो. झिरो ही मात्र रायफल आणि दुर्बीण यांच्यातली बाब आहे. दुर्बिणीतली दृष्टिरेषा सरळ आणि नळीच्या थोडी वर असते, उलट गोळी नळीतून सुटताच गुरुत्वाकर्षणाने खाली ओढली जाऊ लागते. म्हणून एखादे अंतर ठरवून त्या अंतरावर दोन्ही एकाच बिंदूशी मिळतील, अशा बेताने वर-खालचा आणि डाव्या-उजव्या बाजूचा असे दोन नॉब फिरवावे लागतात.

हा फरक मला शब्दकोशाने नव्हे, तर खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन आलेल्या एका हवालदारमामांनी शिकवला. माझ्या छर्र्याच्या बंदुकीने पुठ्ठ्यावर चार दिशांना चार भोके पाडली होती आणि मी तावातावाने नॉब फिरवत होतो. ते म्हणाले, “शिस्त चुकालीय तुझी, दुर्बीण कशाला पिळालास?” भोके विखुरलेली असतील तर दोष धरणाऱ्याचा, ती एकाच जागी दाट पडून मध्यापासून दूर असतील, तरच नॉबला हात लावायचा.

मामांची ही ‘शिस्त’ लष्करी हिंदीतल्या ‘शिस्त लेना’ची, म्हणजे नेम धरण्याची. हा शब्द फारसीतल्या अंगठा या अर्थाच्या ‘शस्त’वरून आलेला आहे, धनुष्याची दोरी ओढताना अंगठ्यात घालायच्या कड्यालाही तेच नाव होते. आपल्याकडे त्याच शब्दाला वळण, नियमितपणा हा अर्थ चिकटला. गंमत अशी, की ‘नेम’ही मूळचा ‘नियम’च: एकादशीचा नेम आणि बंदुकीचा नेम एकाच घरातले. मराठीने नियम आणि लक्ष्यवेध यांची सांगड दोनदा, तीही दोन वेगळ्या भाषांतून आलेल्या शब्दांत घातली आहे. शेजारच्या कन्नडमधल्या ‘गुरि’ला मात्र नियमाशी कर्तव्य नाही, तिथे लक्ष्य आणि नेम दोन्ही त्या एकाच शब्दात मावतात.

‘शून्यीकरण’ मला पसंत नाही, कारण त्यातून काहीतरी नाहीसे केल्याचा भास होतो. येथे शून्यावर येतो तो नेम आणि गोळीची जागा यांमधला फरक. तो मिटल्यावर अनेक दुर्बिणींत नॉबची चकती सैल करून तिच्यावरचा आकडाही ० वर आणून ठेवतात. माझ्या मते ‘नेम जुळवणे’ म्हणावे. तंबोरा आधी जुळवतात आणि मग गातात, तसा हा प्रकार आहे. ‘दुर्बिणीचा’ हे विशेषण त्याला कायमचे जोडू नये, कारण ऑलिम्पिकमधल्या १० आणि ५० मीटर रायफल प्रकारांत दुर्बीण चालतच नाही. तिथे बारीक छिद्रातून माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, पाहतात, पण ते छिद्रही असेच टिकटिक करत जुळवावे लागते. ‘५० मीटरवर नेम जुळवलेली रायफल’ हे वाक्य मग दोन्हींना लागू पडते. मैदानावरच्या बोलण्यात ‘झिरो केली’ म्हणायला माझी हरकत नाही.

नॉब फिरवताना होणाऱ्या त्या टिकटिकीला ‘क्लिक’च राहू द्यावे. पुष्कळ दुर्बिणींत एक क्लिक म्हणजे पाव मिनिट कोन (मिनिट म्हणजे येथे अंशाचा साठावा भाग), म्हणजे ५० मीटरवर सुमारे ३.६ मिलिमीटर, गोळ्यांचा पुंजका १८ मिलिमीटर खाली पडला तर वरच्या दिशेने ५ क्लिक. याला ‘खटका’ म्हणावे असे एकाने सुचवले होते. पण खटका म्हणजे बंदुकीचा चापही होतो, आणि ‘पाच खटके दे’ असे ऐकून एखादा पाच गोळ्या झाडून मोकळा व्हायचा.