तीन एकच, चौथा वेगळा

राम राम. तासगावच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर कॅमेरे बसवलेत. फायबरवाल्या पोरानं कागदावर इंटरनेटचा एक पत्ता (आयपीव्ही६) लिहून दिला, राउटरच्या यादीत दुसरा दिसतो, एनव्हीआरच्या (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याच्या) स्क्रीनवर तिसरा, आणि त्याच्याच खाली एफई८०नं सुरू होणारा चौथा. यातला खरा कुठला, असं तुम्ही विचारलंय. पहिले तीन एकच आहेत. चौथा खरोखर वेगळा आहे आणि घरबसल्या कॅमेरे बघायला त्याचा उपयोग नाही.

आधी एक काम करा, प्रश्नात टाकलेला तुमचा खरा पत्ता खोडा. दाराचा पत्ता असा चव्हाट्यावर लावू नये. मी त्याच घडणीचा नमुना घेतो. २००१:डीबी८नं सुरू होणारे पत्ते फक्त उदाहरणांसाठी राखून ठेवलेत, ते कुणाला मिळत नाहीत. इथे मी अक्षरं-आकडे देवनागरीत लिहितोय, यंत्रात अर्थातच इंग्रजीत टाकायचे.

कागदावर: २००१:०डीबी८:००००:००००:००ए१:००००:००००:००४२
राउटरवर: २००१:डीबी८::ए१:०:०:४२
एनव्हीआरवर: २००१:डीबी८:०:०:ए१::४२

हा आयपीव्ही६चा पत्ता. मुळात ती एक १२८ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १ची एक जागा) संख्या आहे, साध्या आकड्यांत लिहायची तर ३९ आकडी होऊ शकते. ती कोण वाचणार? म्हणून तिचे आठ गट पाडायचे, प्रत्येक गट १६ बिटांचा, मध्ये कोलन. गटात चार जागा, आणि प्रत्येक जागी ० ते ९ किंवा ए ते एफ. इथे ए म्हणजे दहा, एफ म्हणजे पंधरा. कागदावर त्या पोरानं हाच पूर्ण अवतार लिहिलाय. पोरगं शिस्तीचं दिसतंय.

आता शून्यं गाळायची. पहिली मुभा अशी की गटातली सुरुवातीची शून्यं टाकून द्यायची. ००४२चे ४२, ००ए१चे ए१, ०डीबी८चे डीबी८, आणि ००००चं नुसतं ०. शेवटच्या शून्याला मात्र हात लावायचा नाही. चेकवर ००५० म्हणजे पन्नासच, पण ५०००चे ५ केले तर पेढीवरून हाकलतील.

हसू नका, मी स्वतः हे केलंय. सांगलीत मार्केट यार्डाजवळ हळदीच्या एका गोदामाचं काम होतं. जोडणीबरोबर पत्त्यांचा जो टप्पा मिळाला होता त्याचा शेवटचा गट होता १ए३०, आणि पुढे तिरपी रेघ मारून ६० (या रेघेचा अर्थ पुढे येतो). मी घाईत १ए३ लिहिलं. आता १ए३ म्हणजे ०१ए३, गल्लीच वेगळी. फायरवॉलनं (कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्यानं) तक्रार केली नाही, नियम गुपचूप घेतला आणि भलत्याच टप्प्याला परवानगी देऊन बसला. दोन दिवस मी केबल बदलत होतो, स्विच बदलत होतो, मालकाचा चहा पीत होतो. तिसऱ्या दिवशी पत्ता मोठ्यानं वाचला तेव्हा कळलं.

दुसरी मुभा दोन कोलनांची, आणि तुमचा गोंधळ इथेच झालाय. सलग आलेले सगळे शून्याचे गट उडवून त्या जागी नुसतं :: लिहिता येतं. पण एका पत्त्यात एकदाच. कारण सोपं आहे. वाचणारा काय करतो? उरलेले गट मोजतो, आठातून वजा करतो, आणि येतील तेवढे शून्याचे गट त्या फटीत भरतो. तुमच्या राउटरवरच्या पत्त्यात मोजा: २००१, डीबी८, ए१, ०, ०, ४२. सहा झाले, म्हणजे फटीत दोन. एनव्हीआरवर २००१, डीबी८, ०, ०, ए१, ४२, पुन्हा सहा, पुन्हा फटीत दोन. दोन्ही भरून बघा, कागदावरचाच पत्ता येतो.

कुणी हुशारी करून २००१:डीबी८::ए१::४२ लिहिलं तर? उरले चार गट, चार शून्यं भरायची, पण दोन फटींत कशी वाटायची? एक-तीन, दोन-दोन की तीन-एक? तीन वेगळे पत्ते निघतात. म्हणून असा पत्ता यंत्र घेतच नाही, आणि तेच बरं.

मग राउटर आणि एनव्हीआरमध्ये शहाणा कोण? राउटर. लिहायच्या पद्धती फार झाल्या आणि माणसं त्यात हरवायला लागली, म्हणून २०१०मध्ये आरएफसी ५९५२ नावाच्या दस्तऐवजात एक ठरीव रूप सुचवलं गेलं. सुरुवातीची शून्यं गाळायचीच. :: सगळ्यात लांब सलग पट्टीला द्यायचं, दोन पट्ट्या सारख्या लांबीच्या असतील तर डावीकडच्या पहिलीला. एकट्या शून्य गटासाठी :: वापरायचं नाही, तिथे साधं ० लिहायचं. आणि ए ते एफ छोट्या लिपीत. तुमच्या पत्त्यात दोन-दोन गटांच्या दोन पट्ट्या आहेत, म्हणून पहिलीला मान. एनव्हीआरनं दुसरीला दिला. ते चूक नाही, वाचणाऱ्या यंत्रानं सगळी वैध रूपं स्वीकारायलाच हवीत. पण एक्सेलमध्ये किंवा लॉगमध्ये शोधायला गेलात की वैताग येतो, कारण शोधणारं सॉफ्टवेअर अक्षरं जुळवतं, संख्या नाही. एकच कॅमेरा यादीत तीनदा दिसतो आणि माणूस चोर शोधायला लागतो. यादी करायची तर सगळे पत्ते आधी पूर्ण रूपात आणा. पायथॉन येत असेल तर त्यातल्या आयपीअ‍ॅड्रेस मॉड्यूलला पत्ता द्या आणि एक्सप्लोडेड मागा, झालं.

शेवटच्या दोन टोकांची गंमत अशी की ::१ हाही पूर्ण पत्ता आहे. सात गट शून्य आणि शेवटी एक, म्हणजे यंत्र स्वतःशीच बोलतंय. आणि नुसतं :: म्हणजे सगळंच शून्य, अजून पत्ता मिळालेला नाही.

आता चौथा. एफई८०वाला पत्ता यंत्र स्वतःच घेतं, तो त्या एका वायरीच्या किंवा वायफायच्या आत चालतो, राउटर तो पुढे नेत नाही. वाड्यात ‘मागच्या खोलीतली काकू’ म्हटलं की सगळ्यांना कळतं, पण पाकिटावर तेवढंच लिहून पोस्टात टाकलं तर पोस्टमन काय करेल? कधी त्याच्यापुढे टक्क्याचं चिन्ह आणि काहीतरी नाव दिसतं. तो कुठल्या वायरीतून किंवा वायफायमधून जायचं त्याचा इशारा, पत्त्याचा भाग नाही.

आणि पत्त्यापुढचं ते ‘/६४’ काय, असंही तुम्ही विचारलंय, त्याला आपला पिनकोड आठवा. सांगली ४१६४१६, मिरज ४१६४१०, आणि कोल्हापूरचाही ४१६नंच सुरू होतो. टपाल छाटणारा आधी डावीकडचे आकडे बघतो, गल्ली-घर नंतर. इथेही तसंच: /६४ म्हणजे डावीकडचे ६४ बिट, चार गट, हे तुमच्या जागेचं जाळं. उजवीकडचे चार गट त्यातल्या एकेका यंत्राचे. त्यामुळे गोदामातल्या सगळ्या कॅमेऱ्यांचे पहिले चार गट सारखे दिसतील. फायबरची जोडणी नव्यानं उठली की कधी कधी हे पहिले चार बदलतात, म्हणून कागद जपून ठेवला तरी तो पत्ता कायमचा समजू नका. कंपनीकडे विचारून घ्या.

एवढा खटाटोप का, जुने पत्ते काय वाईट होते, असाही सूर होता. जुना आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा, सगळे मिळून ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे ठोक वाटे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून झाले. तेव्हापासून बरेच फायबरवाले एक पत्ता अनेक गिऱ्हाइकांत वाटून देतात. तुमच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसत असेल तर तुम्हीही त्या सामायिक नळावर आहात, आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी राउटरनं आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही केलं तरी बाहेरून कॅमेरा दिसणार नाही. पोरानं व्ही६चा कागद दिला तो म्हणूनच.

फोनवर पत्ता सांगताना बी, सी, डी, ई सगळे सारखेच ऐकू येतात. आमच्याकडे आटपाडीचा ए, बेदाण्याचा बी, चिंचणीचा सी, डाळिंबाचा डी, एरंडोलीचा ई असं चालतं. एफला अजून गाव सापडलेलं नाही. फलटण म्हणावं तर ते इंग्रजीत पी-एचनं लिहितात.

ब्राउझरमध्ये पत्ता टाकताना तो चौकटी कंसात घाला: [२००१:डीबी८::ए१:०:०:४२]:८०८०. कंस नसेल तर शेवटचं ८०८० हे पोर्ट (यंत्राच्या कुठल्या दारातून आत जायचं त्याचा क्रमांक) आहे की आणखी एक गट, हे ब्राउझरला कळायला मार्ग नाही. राउटरच्या फायरवॉलमध्ये एनव्हीआरच्या त्या एका पोर्टापुरतीच वाट उघडा, आणि त्याआधी एनव्हीआरचा कंपनीनं दिलेला पासवर्ड बदला. व्ही६मध्ये यंत्र थेट रस्त्यावर उभं असतं. व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी बंदिस्त खासगी वाट) जमत असेल तर ही वाट उघडूच नका, मी स्वतः तेच करतो.

तपासताना मोबाइलचं वायफाय बंद करून सिमच्या डेटावर बघा. जिओवर व्ही६ २०१६पासून आहे, तिथे उघडायला हवं. पण ज्या ऑफिसात बसून तुम्ही बघणार तिथल्या जोडणीला व्ही६ नसेल, तर पत्ता अक्षर न् अक्षर बरोबर टाकूनही काही उघडणार नाही. ते आधी बघा, मग मला फोन करा.