शिकवल्यामुळे दात गेले का?

‘मॅडम, दिवसा शिकवतो, रात्री वाजवतो आणि दोन्हीकडे अर्धाच असतो.’

मी समुपदेशक. हे वाक्य थोड्याफार फरकाने मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता ते सुरू होताच पुढचं पाठ म्हणू शकेन. कथक शिकवणारी नर्तकी, शाळेत चित्रकला घेणारा चित्रकार, नाटकातला नट असून कार्यशाळांवर घर चालवणारा मुलगा. गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघं आले, म्हणून विल्सनची गोष्ट लिहायला घेतली. नाव बदललंय, काही तपशील हलवलेत आणि लिहायची परवानगी त्यांनी स्वतः दिली आहे, तीही ‘हॉटेलचं नाव तेवढं नको’ एवढ्या अटीवर.

विल्सन वसईचे, वय ४१. घरात कादोडी ही वसईकडची बोली बोलणारं मराठी ख्रिस्ती कुटुंब, गावाकडे केळीची वाडी, वडील चर्चच्या ब्रास बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. विल्सन टेनर सॅक्सोफोन वाजवतात आणि त्यांचा जीव जॅझमध्ये आहे. आठवड्याचे तीन दिवस उपनगरातल्या एका शाळेत संगीत शिक्षक, शिवाय अकरा तास खाजगी शिकवणी. त्यात लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीत परीक्षांना बसणारी मुलं जास्त. चार रात्री दक्षिण मुंबईतल्या एका हॉटेलच्या लॉबीत पियानोवाल्याबरोबर वादन. महिन्यातून एखाद्या वेळी स्वतःच्या चौघांच्या बँडबरोबर खरा जॅझचा कार्यक्रम. बायको नर्स, तिच्या शिफ्ट वेगळ्या. दोघांची भेट बहुतेक फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून.

सुरुवातीला माझीच चूक झाली, ती आधी सांगते. असा दमलेला माणूस समोर आला की समुपदेशकाचा हात आपोआप वेळापत्रकाकडे जातो. मीही झोप, जेवण, रियाज, मुलगा, सगळ्याला रंगीत चौकोन आखून दिले. तीन आठवड्यांनी विल्सन आले. माणूस शिस्तीचा, सगळं पाळलेलं.

‘झोप मस्त होते मॅडम. आता मी दमलेला नाही. नुसताच दुःखी आहे.’

वेळेचा प्रश्न असता तर वेळापत्रकाने सुटला असता. मी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘शाळेत वर्गात शिरताना मनात काय येतं?’

‘की मी संपलो.’

इथे मला आपल्या भाषेबद्दल थोडं बोलायचंय. ‘ते शिकवण्या करतात’ हे वाक्य आपण कुठल्या आवाजात म्हणतो ते आठवून बघा. शेवटी आवाज खाली येतो. तेच ‘त्यांच्याकडे लांबून लांबून लोक शिकायला येतात’ म्हणताना मान वर होते. काम एकच. हिंदुस्थानी संगीतात शिष्य असणं ही प्रतिष्ठा. माझ्याकडे आलेल्या एका तबलजींची तक्रार तर उलटी होती, की हाताखाली चार शिष्य नाहीत म्हणून त्यांना कुणी मोठं मानत नाही! पाश्चात्त्य वाद्य वाजवणाऱ्याच्या वाट्याला मात्र ‘गुरू’ येत नाही, ‘म्युझिक टीचर’ येतो. विल्सनचं निम्मं ओझं हे असं बाहेरून आलेलं होतं. उरलेलं निम्मं शोधायचं होतं.

‘तुम्हाला सॅक्सोफोन कुणी शिकवला?’ मी विचारलं.

चेहरा एकदम उजळला. धोबीतलावला राहणारे एक गोवेकर अंकल. गोव्यातल्या चर्चच्या शाळेत लहानपणीच नोटेशन वाचायला शिकलेले. पोर्तुगीज काळात तिथली बरीच मुलं सोल्फेज, म्हणजे नोटेशन बघून सूर गाणं, आणि व्हायोलिन शिकूनच मोठी व्हायची, म्हणून तर मुंबईच्या हॉटेलांतले बँड आणि पुढे हिंदी सिनेमाचे वाद्यवृंद गोवेकरांनी भरले. अंकलनी साठच्या दशकात चर्चगेटच्या रेस्टॉरंटमध्ये जॅझ वाजवला. दिवसा ताडदेवला फिल्म सेंटरमध्ये रेकॉर्डिंग, संध्याकाळी बँड, रविवारी सकाळी प्रार्थनेनंतर चार पोरांना शिकवणं.

मला वाटलं, सापडलं! मी जरा उत्साहातच म्हणाले, ‘बघा, तेही शिकवत होते. म्हणून काय ते संपलेले होते?’

‘अंकल ग्रेट होते मॅडम. मी नाही.’

माझा प्रश्न सपशेल पडला. युक्तिवाद घाईने केला की असंच होतं. समोरचा माणूस आपल्याला हरवून स्वतःचं दुःख शाबूत ठेवतो. मी गप्प बसले आणि तेही गप्प बसले. मग म्हणाले, ‘पण मी गेलो तेव्हा अंकल फक्त शिकवायचे. वाजवत नव्हते.’

‘म्हणजे?’

‘मी चौदा वर्षांचा, साल १९९८. सिंथेसायझर येऊन रेकॉर्डिंगची कामं कधीच आटली होती. अंधारी खोली, पलंगाखाली सॅक्सोफोनची पेटी. माझ्या समोर एकदाही उघडली नाही. तोंडाने गाऊन दाखवायचे, बोटांनी टेबलावर दाखवायचे. मला वाटायचं, शिकवायला लागलं की असं होतं. पेटी पलंगाखाली जाते.’

चौदा वर्षांच्या मुलाने एक चित्र पाहिलं आणि सत्तावीस वर्षं ते नियम म्हणून जपलं. अशा क्षणी मला आतून जे शांत वाटतं, त्याला शब्द नाही. धागा हाताला लागलेला असतो, तो फक्त ओढायचा नसतो.

‘पेटी का उघडत नव्हते?’

‘दात गेले होते ना. वरचे दात माउथपीसवर टेकावे लागतात. कवळीने त्यांना जमेना.’

मी थोडं थांबून विचारलं, ‘शिकवल्यामुळे दात गेले का?’

आधी त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिलं. मग हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले आणि पुढची दहा मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. जाताना दारात म्हणाले, ‘माझे सगळे शाबूत आहेत मॅडम.’

मी विवेकनिष्ठ विचारसरणीची. आमच्याकडे घटनेपेक्षा घटनेला आपण लावलेला अर्थ तपासतात आणि इच्छेचा हट्ट कुठे झाला ते शोधतात. ‘मला स्टेजवर वाजवायला आवडतं’ ही इच्छा. ‘स्टेजवर असेन तरच मी कलाकार’ हा हट्ट. ही पद्धत घडवणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस न्यूयॉर्कमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी भरल्या सभागृहात लोकांचे प्रश्न सोडवायचे आणि लोकप्रिय चालींवर विनोदी गाणी रचायचे, हे मी विल्सनना सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे त्यांचाही शुक्रवारचा गिग होता!’

पुढच्या भेटीत आम्ही अंकलच्या ग्रेटपणाकडे वळलो. मुंबईत जॅझ जुना. अमेरिकेच्या लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा बँड १९३५ मध्ये ताज हॉटेलात आला होता. चर्चगेटच्या रेस्टॉरंटमधले बँड तिथे रोज वाजवायचे, त्यांना बांधलेला पगार असायचा. धोबीतलावहून चर्चगेट म्हणजे पायी पंधरा मिनिटं. अंकलच्या आयुष्यातला तोल अंकलच्या एकट्याच्या इच्छाशक्तीवर उभा नव्हता, तो शहराने दिलेला होता. विल्सनच्या वाट्याला सुटे सुटे गिग आणि विरार लोकल आली. हे सांगून सुटका होत नाही, पण स्वतःला कमी लेखणं थांबतं. जे शहराने काढून घेतलं ते आपल्याच स्वभावातलं न्यून समजणारे कलावंत मला फार भेटतात.

मग मी त्यांना गृहपाठ दिला. दोन आठवडे प्रत्येक काम लिहायचं, घरातून निघाल्यापासून घरी येईपर्यंतचे तास धरून. आणि पुढे एकच खूण, कान उघडे होते की बंद. आनंद झाला का, दमलात का, असलं काही नाही. हा प्रश्न मी त्यांच्याच बोलण्यातून उचलला होता. जॅझमध्ये दुसरा वाजवत असताना तुम्ही ऐकता की फक्त आपल्या पाळीची वाट बघता, यावर सगळं ठरतं, असं ते एकदा बोलता बोलता म्हणाले होते.

वही घेऊन आले तेव्हा चेहरा चमत्कारिक. बुधवारची अकरा वर्षांची मुलगी: उघडे. रविवारची चर्चमधली पोरं: उघडे. स्वतःचा बँड: अर्थातच उघडे. शाळेत स्नेहसंमेलनाची तालीम: बंद, बंद, बंद. आणि हॉटेलची लॉबी: आठपैकी सात रात्री बंद.

‘मॅडम, लॉबीत मी बारा वर्षं तेच तुकडे वाजवतोय. त्या बुधवारच्या मुलीने विचारलं, सर, इथे नेहमी हाच सूर का घेता? मला उत्तर आलं नाही. सवय, दुसरं काय.’

म्हणजे ज्याला ते ‘माझं कलाकाराचं आयुष्य’ म्हणून प्राणपणाने जपत होते, तिथेच कान बंद होते. आणि ज्याला नावं ठेवत होते, त्या शिकवण्यात निम्म्या जागी उघडे. वाजवणं आणि शिकवणं यांत तोल साधायचा, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. रेघ मुळात भलतीकडेच मारलेली होती.

आता पैशाचं बोलू, कारण त्याशिवाय असले सल्ले म्हणजे नुसती हवा. लॉबीत रात्रीचे तीन हजार. पण घरून पाचला निघून परत यायला एक वाजायचा, म्हणजे आठ तास. तासाला पावणेचारशे. शिकवणी घरीच, तासाला आठशे. हा भागाकार त्यांनी बारा वर्षांत केला नव्हता, कारण स्टेजचा हिशोब मांडणं त्यांना कमीपणाचं वाटे. त्यांनी चारपैकी दोन रात्री सोडल्या, शिकवणीचे चार तास वाढवले, फी हजार केली. कागदावर आठवड्याचे वीस हजार आठशेचे एकवीस हजार झाले आणि सोळा तासांच्या जागी चार तास गेले. फी वाढल्यावर दोन विद्यार्थी सोडून गेले, तेव्हा प्रत्यक्षात एकोणीसच हातात आले. ती तूट नवराबायकोने बसून मान्य केली. बायको म्हणाली म्हणे, ‘चिठ्ठ्यांचा कागद तरी वाचेल.’

उरलेल्या दोन रात्री का नाही सोडल्या, असं वाचकांपैकी कुणी विचारेलच. कारण दर महिन्याला घराचा हप्ता जातो. सगळं झुगारून द्या, असं मी कुणालाच सांगत नाही. विल्सनना अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सचं वेड. १९५९ ते १९६१ रोलिन्सने कार्यक्रम बंद ठेवले आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन तासन्‌तास रियाज केला. ‘मलाही तसा पूल पाहिजे’ हे विल्सनचं पालुपद. पुलाची ही गोष्ट मला आवडते, पण दोन वर्षं सगळं बंद करता आलं तरच आपण खरे, असा तिचा अर्थ लावला की तीही पलंगाखालच्या पेटीसारखीच छळते. मी त्यांना त्यांच्याच लाडक्या जॅझ पियानोवादक बॅरी हॅरिसची आठवण करून दिली. पियानोवर तो शेवटपर्यंत वाजवत राहिला आणि न्यूयॉर्कमध्ये आठवड्याचा वर्गही घेत राहिला. २०२१ मध्ये गेला तेव्हा ९१ वर्षांचा होता.

तुम्ही वाजवणारे, नाचणारे, रंगवणारे असाल आणि शिकवत असाल, तर माझ्याकडे येण्याआधी दोन आठवडे ही वही ठेवून बघा. प्रवासाचे तास धरायला विसरू नका, तिथेच खरी गळती असते. विद्यार्थ्यांना आपले प्रेक्षक करू नका; वर्गात स्वतः वाजवून दाखवण्यातच तास जात असेल, तर तुम्हाला कार्यक्रमाची भूक आहे आणि ती भूक मुलांनी का भागवायची? उलटही खरं. विद्यार्थ्याने विचारलेल्या ज्या प्रश्नाला उत्तर आलं नाही, तो त्याच दिवशी लिहून ठेवा. विल्सनचा सध्याचा रियाज याच यादीवर चालतो. आठवड्यातला एक दिवस वाद्याची पेटी घराबाहेर न्यायची नाही, शिकवायलाही नाही. आणि घरच्यांना ‘मी दमलोय’ एवढंच सांगू नका, कशाने ते सांगा. ‘शिकवण्याने’ असं उत्तर पटकन तोंडात येईल. ते पहिलं उत्तर असतं, म्हणून जरा थांबून वही उघडा.

सगळ्यांनाच हे लागू पडत नाही. एका चित्रकाराच्या वहीत शिकवण्यासमोर खरंच ओळीने ‘बंद’ होतं. त्याने शाळा सोडली, साइनबोर्ड रंगवतो, मजेत आहे.

विल्सन अधूनमधून फोन करतात. पूल त्यांना वसईतच सापडला. फ्लॅटमध्ये वाजवलं की खालचे काका वर यायचे, म्हणून ते आता सकाळी वडिलांच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीत जाऊन लांब सूर धरतात. परवा एक रेकॉर्डिंग पाठवलं, सोबत संदेश: ‘मॅडम, मोटार G सुरात घुमते, जराशी चढी. आमचा ड्रोन, म्हणजे तंबोरा.’ तीन मिनिटं ऐकत होते. मोटारीचा घुमारा आणि त्यावर धीमा, जाड, खोल सॅक्सोफोन, मधेच एखादा सूर मोटारीशी घासून पुढे जाणारा. मग लांबून वडिलांची कादोडीतली हाक आली. मला शब्द कळले नाहीत, पण सॅक्सोफोन मधेच तुटला आणि पळत जाणारी पावलं ऐकू आली, त्यावरून टाकी भरून वाहत असणार.