व्हीलॅन २० ट्रंकवरून पलीकडे जात नाही, तेव्हा कुठे बघायचं

दोन सिस्को स्विच, मध्ये एक केबल, दोन्ही टोकांना ट्रंक मोड, म्हणजे एकाच केबलवरून अनेक व्हीलॅन (स्विचवर केलेली वेगवेगळी आभासी नेटवर्क) नेणारी जोडणी. व्हीलॅन १० नीट चालतोय, नव्याने घातलेला २० मात्र पलीकडे पोचत नाही. तुमची अडचण एवढीच असेल तर केबल आणि पोर्ट बदलत बसू नका. १० जातोय म्हणजे लिंक ठणठणीत आहे.

दोन्ही स्विचवर 'शो इंटरफेसेस ट्रंक' चालवा आणि वरून खाली शांतपणे वाचा. पहिल्या तक्त्यात मोड आणि नेटिव्ह व्हीलॅन दिसतो. दुसऱ्यात ट्रंकवर परवानगी असलेले व्हीलॅन, तिसऱ्यात त्यांतले त्या स्विचवर खरोखर अ‍ॅक्टिव्ह असलेले, चौथ्यात स्पॅनिंग ट्रीने (नेटवर्कमध्ये चक्र होऊ न देणारा प्रोटोकॉल) फॉरवर्डिंगला ठेवलेले आणि प्रून न झालेले, म्हणजे ट्रंकवरून छाटले न गेलेले. २० ज्या तक्त्यातून गळाला, तिथेच शोधा. दुसऱ्यात आहे पण तिसऱ्यात नाही, तर त्या स्विचवर व्हीलॅन २० तयारच केलेला नाही किंवा बंद आहे. ट्रंकवर परवानगी दिली की व्हीलॅन आपोआप तयार होतो, असं बरेच जण धरून चालतात. तसं होत नाही.

दुसऱ्याच तक्त्यात नसेल तर यादीत घाला, पण 'स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन अ‍ॅड २०' असंच लिहा. 'अ‍ॅड' राहिलं तर जुनी यादी पुसून फक्त २० उरतो, १० तिथल्या तिथे बंद पडतो, आणि तुमचं लॉगिन त्याच ट्रंकवरून असेल तर तेही तुटतं. लांबून काम करत असाल तर आधी चालू कॉन्फिग सेव्ह करा, मग 'रिलोड इन १०' द्या. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी स्विच जुन्या कॉन्फिगवर उठेल. सगळं जमलं की 'रिलोड कॅन्सल' आणि मगच पुन्हा सेव्ह. ही सवय मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

नेटिव्ह व्हीलॅनही ताडून घ्या. ८०२.१क्यू (ट्रंकचं मानक) बाकीच्या फ्रेमना व्हीलॅन ओळखण्यासाठी ४ बाइटचा टॅग लावतं, नेटिव्हच्या फ्रेम सहसा बिनटॅगच्या जातात. एका टोकाला १ आणि दुसऱ्याला ९९ असेल तर एका व्हीलॅनची रहदारी दुसऱ्यात शिरू शकते. सीडीपी (शेजारची सिस्को उपकरणं ओळखणारा प्रोटोकॉल) चालू असेल तर लॉगमध्ये 'मिसमॅच'ची तक्रार दिसेल.

शेवटी अलीकडच्या मशीनवरून पिंग चालू ठेवा आणि पलीकडच्या स्विचवर 'शो मॅक अ‍ॅड्रेस-टेबल व्हीलॅन २०' बघा. त्या मशीनचा मॅक (नेटवर्क कार्डचा पत्ता) ट्रंक पोर्टवर दिसला तर त्या दिशेने ट्रंक बरोबर आहे. तसंच उलट बाजूनेही तपासा. दोन्हीकडे दिसूनही पिंग जात नसेल तर आयपी, सबनेट मास्क आणि मशीनची फायरवॉल बघा.