बारीक ब्लेडच्या करवतीनं पहिला लाकडी बैल कापायच्या आधी
भाऊ, एकदम सागवान आणू नको, सुताराकडं ६ एमएम प्लायचे तुकडे पडलेले असतेत, त्याच्यावरच हात बसव. पोळ्याचा बैल करायलास ना, मग साध्या फळीवर चित्र चिकटवताना लाकडाच्या रेषा पायाच्या उभ्या दिशेनं घे, आडव्या आल्या की पाय खटकन मोडतो, माझे दोन बैल तसेच गेले अन् लई जीव हळहळला. शेपूट अन् पायामधली बंद फट आधी काप, ड्रिलनं भोक पाडायचं, ब्लेड त्यातून ओवायचं, दात खालीच पाहिजेत. ब्लेड ताणून बसव, बोटानं छेडलं की टणकन वाजलं पाहिजे. वळणावर लाकूड ढकलू नको, हळूहळू फिरव. अन् मास्क लाव, प्लायचा भुसा छातीत जातो.